अंधार कापू नकोस

प्रिय पोरी,

डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’वरून केलेली तुझी नाटकाची संहिता दोनदा वाचली. दुसऱ्या वेळी हातातला चहा गार झाला आणि रागही आला. कंजूष स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराचं, मार्लेचं भूत ठेवू की काढू, असं मला विचारतेस, पण विचारायच्या आधीच तू ते काढून टाकलंयस. ४० मिनिटांची मर्यादा, समोर सात-आठ वर्षांची पोरं, नाताळ आनंदाचा सण, त्यात थडगं आणि साखळदंड कशाला, असं समितीतली मंडळी म्हणाली आणि तू तांबडी रेघ मारून मोकळी झालीस. आता तुझा स्क्रूज कारकुनाच्या पांगळ्या पोराचं, टायनी टिमचं गाणं ऐकतो, डोळे पुसतो आणि टर्की विकत घेतो. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशा जातीचा म्हातारा एका गाण्यावर विरघळतो होय?

अंधार कापायचा नाही. वेळ वाचवायचाय ना? स्क्रूजच्या जुन्या मालकाकडचा, फेझिविगकडचा नाच काप. भाच्याच्या घरची मेजवानी काप. गाणी तीन आहेत, एक ठेव. पण अंधाराला हात लावायचा नाही.

मूळ पुस्तक पुन्हा उघड. डिकन्स पहिल्याच वाक्यात मार्ले मेल्याचं सांगतो. स्क्रूज रात्री घरी येतो, दारावरच्या कड्यात त्याला सात वर्षांपूर्वी मेलेल्या भागीदाराचा चेहरा दिसतो, तरी तो अंधारातच जिना चढतो. का? तर अंधाराला पैसे पडत नाहीत, म्हणून तो त्याला आवडतो. कारकुनाच्या शेगडीत जेमतेम एक कोळसा, स्वतःला रात्री पातळ पेज, आणि जिन्यावर फुकटचा काळोख. त्याचा लोभ आणि त्याचा अंधार एकच आहेत, पोरी. तू दिवे लावलेस की लोभही दिसेनासा होतो, मग तो सुधारला म्हणजे नक्की कशातून सुधारला?

मार्लेची साखळी बघ. पैशाच्या पेट्या, किल्ल्या, कुलपं, खातेवह्या, दस्तऐवज. जन्मभर जे सांभाळलं तेच कमरेला. तो गेल्यावर स्क्रूज खिडकीतून बाहेर बघतो, तर हवा भुतांनी भरलेली. त्यात पांढरं जाकीट घातलेलं एक भूत आहे, घोट्याला लोखंडी तिजोरी बांधलेलं. खाली एका दाराशी तान्हं मूल घेऊन बाई बसलीय आणि ते भूत रडतंय, कारण तिला काही द्यावंसं वाटतंय आणि आता देता येत नाही. एवढीच शिक्षा. उकळत्या तेलाच्या कढया नाहीत, की आपल्याकडच्या गोष्टींतला उलट्या पायांचा प्रकार नाही. हात आहेत, इच्छा आहे, पण वेळ गेलेली आहे. सात वर्षांच्या मुलाला हे कळत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी खेळात एकटं पडलेलं मूल कधी नीट पाहिलेलं नाही. रडतील तर रडू देत. आया बसलेल्या असतात शेजारी.

आणि ती दोन पोरं? मार्लेनंतर येणाऱ्या तीन भुतांपैकी वर्तमानातल्या नाताळच्या भुताच्या झग्याखालून निघणारी, फाटकी, पिवळी पडलेली? मुलगा अज्ञान, मुलगी ददात. ‘पात्रं जास्त होतात’ असं लिहून तू त्यांना काढलंस. अगं, त्या दोघांसाठी तर हे पुस्तक झालं! बारा वर्षांचा डिकन्स १८२४ साली बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात लेबलं चिकटवत होता आणि बाप कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात होता. पुढे खाणीत आणि कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचे सरकारी अहवाल आले. १८४३ मध्ये लंडनमधल्या फील्ड लेनच्या गरीब मुलांच्या शाळेत तो स्वतः जाऊन आला. आधी त्याला पत्रक काढायचं होतं. ते सोडून सहाएक आठवड्यांत त्यानं ही भुताची गोष्ट लिहिली. १९ डिसेंबरला पुस्तक बाजारात आलं आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत सहा हजार प्रती संपल्या. पत्रक कोण वाचतं? भुतानं लोकांना जागेवर बसवलं.

गोष्ट वसईत आणून स्क्रूजचा शेठ करायचा तुझा विचारही सोड. गरिबांसाठी तुरुंग नाहीत का, वर्कहाऊस नाहीत का, असं तो विचारतो, ते १८३४ च्या तिकडच्या कायद्याच्या जोरावर. मदत हवी तर वर्कहाऊसमध्ये जायचं आणि तिथे नवरा, बायको, मुलं वेगवेगळी. ते लंडनचंच आहे, लंडनलाच राहू दे. चौथ्या भागात, पुढच्या काळात, मेलेल्या स्क्रूजच्या बिछान्याचे पडदे आणि अंगावरचा सदरा विकायला आणतात, तिथे आपल्या प्रेक्षकाला काही समजावून सांगायला नको. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

मी एवढा का चिडतोय ते सांगतो. २५ वर्षांपूर्वी मी हेच नाटक बसवलं होतं. हॉलचं भाडं देणाऱ्या गृहस्थांना तालमीत भूत आवडलं नाही. सणासुदीला अभद्र नको, म्हणाले. मी कापलं, एका रात्रीत. थडगं, साखळी, ती दोन पोरं, सगळं. कार्टी ३२ होती, त्यांचे कपडे शिवून झाले होते, प्रयोग रद्द केला असता तर त्यांना काय सांगणार होतो? आजही वाटतं, दुसरं काही करता आलं नसतं. मग वाटतं, एकदा भांडून तरी बघता आलं असतं. मी भांडलोच नाही. टाळ्या भरपूर पडल्या. ज्या मुलीला ददात करायची होती तिला मी टर्की धरून उभं केलं. तिनं शेवटपर्यंत एकदाही विचारलं नाही की माझं काम का गेलं.

म्हणून सांगतो, समितीशी भांड. तुझ्याजवळ वय आहे.

आणखी एक. शेवटी स्क्रूज देणगी मागणाऱ्या गृहस्थांच्या कानात रक्कम सांगतो आणि तीत मागची पुष्कळ बाकी धरलीय असं म्हणतो. तू नुसतं ‘देणगी देतो’ ठेवलंयस. ‘मागची बाकी’ परत घाल. पण अंधार असेल तरच त्या शब्दांना वजन येईल, नाहीतर बाकी कसली हे पोरांना कळणार कुठून?

साखळी प्लॅस्टिकची आणू नकोस, आवाज येत नाही. तेव्हा लोहाराकडून करवून घेतलेली माझ्याकडे माळ्यावर आहे, कुलपांसकट. कधी वापरली गेली नाही. रविवारी मिस्सानंतर ये, बरोबर कोणाला तरी आण, एकटीला उचलणार नाही.

तुझा,
काका