हेमॅटाइटमधील ‘हेम’ कोणते?

प्रश्न : आमच्या डिचोली तालुक्यातील खाणींतून निघणाऱ्या लोहखनिजाला हेमॅटाइट म्हणतात. संस्कृतात ‘हेम’ म्हणजे सोने. त्या शब्दाशी या नावाचा काही संबंध आहे का? नसल्यास नावाचा अर्थ काय?
– एक वाचक, साखळी

उत्तर : संबंध नाही, हे निव्वळ ध्वनिसाम्य आहे. हेमॅटाइट हे नाव ग्रीक भाषेतून आलेले असून त्यातील मूळ शब्द ‘हायमा’ म्हणजे रक्त हा आहे. रक्तातील हिमोग्लोबिनच्या नावातही तोच शब्द आहे. ग्रीक लोक या खनिजाला ‘रक्तासारखा दगड’ अशा अर्थाच्या दोन शब्दी नावाने ओळखत. त्यातील दगडवाचक ‘लिथोस’ हा शब्द कालांतराने गळाला आणि उरलेले विशेषण लॅटिनमार्गे युरोपीय भाषांत नाम म्हणून रुळले. बहुसंख्य खनिजांच्या नावांच्या शेवटी दिसणारा ‘आइट’ हा प्रत्ययही याच ग्रीक घडणीचा वारसा आहे. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातील थिओफ्रास्टस या विद्वानाने हा दगड साकळलेल्या रक्ताचा बनल्यासारखा दिसतो, असे लिहून ठेवले आहे. त्या काळी तो रक्तस्राव थांबवतो अशीही समजूत होती, अर्थात ती केवळ नावावरून आणि रंगावरून बेतलेली असावी.

आपल्या भागातील खनिजाचे घट्ट ढेकूळ मात्र अनेकदा पोलादासारखे करडे किंवा काळपट दिसते, आणि खाणव्यवसायात ‘ब्लू डस्ट’ म्हणून ओळखली जाणारी उच्च प्रतीची भुकटी तर निळसर झाक दाखवते. मग रक्त कोठून आले, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. रंगातील हा फरक कणांच्या आकारामुळे पडतो. हेमॅटाइट हे लोहाचे ऑक्साइड असून शुद्ध स्थितीत त्यात वजनाने सुमारे 70 टक्के लोह असते. त्याचे स्फटिक मोठे असले की पृष्ठभाग धातूसारखा चमकतो, परंतु कण अतिसूक्ष्म झाले की तेच द्रव्य तांबडे दिसते. चकाकी नसलेल्या फरशीच्या मागील खरखरीत बाजूवर तुकडा घासून पाहावा. दगड कितीही काळा असला तरी ओरखडा तांबूस-तपकिरीच उमटतो. खनिज ओळखण्याची ही प्राथमिक कसोटी आजही वापरात आहे. मॅग्नेटाइट हे लोहाचे दुसरे खनिज काळा ओरखडा देते आणि लोहचुंबकाला जोरात चिकटते.

आपल्याकडचा गेरू, ज्याला कावही म्हणतात, त्याचा तांबडेपणा मातीत मिसळलेल्या सूक्ष्म हेमॅटाइटचाच असतो. गोव्यातील जुन्या देवळांच्या आणि घरांच्या पांढऱ्या चुन्याच्या भिंतींवरील कावीची चित्रे अशाच तांबड्या रंगाने काढलेली आहेत. गेरूचे संस्कृत नाव ‘गैरिक’ हे ‘गिरी’पासून आले, म्हणजे आपल्या पूर्वजांनी नाव ठेवताना रंगाऐवजी उत्पत्तिस्थान पाहिले.

जाता जाता एक भर घालावीशी वाटते. गोव्याच्या खनिजात हेमॅटाइटबरोबर गोथाइटही आढळते आणि त्याचा ओरखडा पिवळसर-तपकिरी असतो. त्याच्या नावाचा गोव्याशी संबंध जोडण्याचा मोह कोणालाही होईल, परंतु ते 1806 मध्ये जर्मन कवी गटे यांच्या नावावरून ठेवले गेले. वायमार राज्याच्या सेवेत असताना इल्मेनाऊ येथील खाणींचा कारभार त्यांच्याकडे होता आणि खनिजांचा त्यांना मनापासून नाद होता.