लुफ्तहान्सातला ‘हान्सा’ आणि आपला हंस

प्रश्न असा आहे: लुफ्तहान्साच्या विमानाच्या शेपटीवर पक्षी असतो आणि जर्मनमध्ये ‘लुफ्त’ म्हणजे हवा, तर मग ‘हान्सा’ हा आपला हंसच का? इतिहासाच्या पुस्तकांत भेटणाऱ्या ‘हॅन्सियाटिक लीग’शी, म्हणजे उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांच्या मध्ययुगीन संघाशी, त्याचा काही संबंध आहे का, आणि असल्यास तिला मराठीत काय म्हणावं?

हंस नव्हे. तो पक्षीसुद्धा हंस नाही, क्रौंच आहे. ओटो फिर्ले यांनी तो १९१८ साली एका आधीच्या विमान कंपनीसाठी काढला होता. १९२६ मध्ये ‘लुफ्त हान्सा’ उभी राहिली तेव्हा तो तिच्याकडे वारशाने आला. म्हणजे चित्र आधीचं, नाव नंतरचं, आणि दोघांची गाठ योगायोगाने पडलेली.

तरी ‘हंस’ आणि ‘हान्सा’ इतके सारखे कसे, ही शंका उरतेच. हंसाचं सख्खं भावंड जर्मनमध्ये आहे, पण ते ‘गान्स’. संस्कृतातला असा ‘ह’ मुळात घोष महाप्राण (‘घ’सारखा) होता आणि जर्मनमध्ये त्याच्या जागी ‘ग’ सापडतो. संस्कृत ‘ह्यः’ म्हणजे काल, जर्मन ‘गेस्टर्न’ म्हणजेही काल. उलट जर्मन शब्दाच्या आरंभी ‘ह’ असेल तर संस्कृतात बहुधा ‘श’ किंवा ‘क’ शोधायचा: शत आणि ‘हुंडर्ट’, श्वान आणि ‘हुंड’. तेव्हा दोन्हीकडे ‘ह’ दिसतो, हाच इथे नात्याविरुद्धचा पुरावा!

मग हान्सा म्हणजे काय? टोळी, जथा. चौथ्या शतकात बायबलचं गॉथिक या जर्मनच्या जुन्या नातलग भाषेत भाषांतर झालं, त्यात येशूभोवती गोळा केलेल्या रोमन शिपायांच्या तुकडीला ‘हान्सा’ म्हटलंय. फिनिश भाषेने हाच शब्द फार पूर्वी उचलला. तिथे ‘कान्सा’ म्हणजे लोक, जनता. पुढे समुद्र धोक्याचा आणि परका राजा लहरी, म्हणून व्यापारी जथ्याने फिरू लागले आणि त्यांचा जथा तोही हान्सा. मग त्यांनी भरायच्या शुल्कालाही तेच नाव पडलं, त्यांच्या मंडळालाही. लंडनमध्ये असं स्वतःचं मंडळ ठेवायची परवानगी इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने हँबुर्गच्या व्यापाऱ्यांना १२६६ मध्ये दिली आणि ल्यूबेकच्या व्यापाऱ्यांना पुढच्याच वर्षी.

बाल्टिक समुद्राजवळचं ल्यूबेक हे या सगळ्या कथेचं खरं गाव. ११४३ मध्ये वसलं, ११५९ मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री द लायन याने पुन्हा उभं केलं, १२२६ मध्ये सम्राटाच्या थेट अखत्यारीतलं मुक्त शहर झालं. त्याचं भाग्य मुख्यतः दोन जिनसांवर उभं होतं. दक्षिणेला ल्यूनेबुर्गच्या झऱ्यांचं खारं पाणी आटवून काढलेलं मीठ, आणि समोर आजच्या स्वीडनच्या टोकाशी स्कोनेच्या किनाऱ्यावर लोटणारे हेरिंग मासे. उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य आणि मासा चालतो, त्यामुळे ख्रिस्ती युरोपात खारवलेल्या हेरिंगला मरण नव्हतं. मिठाची ने-आण सोपी व्हावी म्हणून स्टेकनिट्झ कालवा खोदला, तो १३९८ मध्ये सुरू झाला.

हंसाचं नातं तुटल्याची हळहळ वाटत असेल तर या गावाच्या नावाकडे पाहा. जर्मन लोक येण्याआधी तिथे स्लाव्ह राहत आणि जवळच्या त्यांच्या ठाण्याचं नाव होतं ‘ल्युबित्से’. त्यातला ‘ल्युब’ म्हणजे प्रिय, लाडका. तोच धातू संस्कृतात ‘लुभ्’, ज्यातून लुब्ध आणि लोभ आले. व्यापाऱ्यांच्या राजधानीला लोभाचं नातं निघावं, हे मला तरी हंसापेक्षा जास्त शोभून दिसतं.

अशा व्यापारी शहरांचा मिळून झालेला हान्सा संघ, म्हणजे तीच ‘हॅन्सियाटिक लीग’, होता विलक्षणच. स्थापनेचा दस्तऐवज नाही, कायमची फौज नाही, सामाईक तिजोरी नाही. १३५६ पासून शहरांचे प्रतिनिधी बहुतेक वेळा ल्यूबेकमध्ये सभेला जमत; शेवटची सभा १६६९ ची. लंडन, ब्रुझ, बर्गेन आणि नोव्हगोरोद इथे मोठ्या वखारी होत्या. लढाया झाल्या, डेन्मार्कच्या राजाला नमवून १३७० मध्ये श्ट्रालझुंडचा तह करून घेतला, पण रोजचं हत्यार बहिष्कारच. सभासद शहर बिथरलं की त्याला संघाबाहेर काढत, आणि त्याला खास शब्द होता: ‘फेरहान्झुंग’. आपलं ‘वाळीत टाकणं’ अगदी चपखल बसतं. ब्राउनश्वाइगमध्ये बंड होऊन नगरसभेचे लोक मारले गेले, तेव्हा १३७५ मध्ये ते शहर असं वाळीत पडलं. १३८० मध्ये परत घेतलं.

दुसरा शब्द आजही जर्मन शाळांत ऐकू येतो: ‘हेन्झेल्न’, म्हणजे चिडवणं, छळणं. मूळ अर्थ नवख्याला विधिपूर्वक हान्सात घेणं. हे विधी सौम्य नसत. बर्गेनच्या वखारीत नव्या पोरांना धुराड्यात टांगत, पाण्यात बुचकळत, फटके मारत. म्हणजे रॅगिंगच. (हान्स हे माणसाचं नाव मात्र योहानेसचं लघुरूप, ते यात ओढू नका.)

विमान कंपनीने हे नाव घेतलं ते या दर्यावर्दी व्यापारी परंपरेसाठी. ‘हवाई हान्सा’ असा त्याचा अर्थ. रस्त्यावरही ती परंपरा दिसते. ल्यूबेकच्या गाड्यांच्या पाटीवर ‘एचएल’ असतं, हँबुर्गच्या ‘एचएच’, ब्रेमेनच्या ‘एचबी’. त्यातला पहिला ‘एच’ हान्सेश्टाट, म्हणजे हान्सा-शहर, याचा.

आता मराठी प्रतिशब्द. ‘श्रेणी’ सुचवतात, पण श्रेणी एका धंद्याची. हा पसारा अनेक शहरांचा. मूळ अर्थाला सर्वांत जवळ जातो तो ‘सार्थ’, एकत्र प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्यांचा तांडा; त्याचा म्होरक्या सार्थवाह. पण आजच्या वाचकाला ‘सार्थ’ म्हटलं की सार्थ ज्ञानेश्वरी आठवते. म्हणून ‘हान्सा संघ’ लिहावं आणि पहिल्या उल्लेखात ‘उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांचा संघ’ एवढं जोडावं. ‘हॅन्सियाटिक लीग’ हे इंग्रजीतून आलेलं वळण आहे, त्याची गरज नाही. जर्मन उच्चारात ‘स’ मऊ पडून ‘हान्झा’ होतो. मराठीत लुफ्तहान्सा रुळलंय, तेव्हा तिथे ‘झ’चा आग्रह मी धरणार नाही.