थोरला सिकलचा वाहक, तापाने पडला तो धाकटा

“ज्याच्या रगतात दोष निघाला तो हिंडतोय, आणि ज्याचा रिपोर्ट चांगला तोच मरता मरता वाचला, हे कसं, मॅडम?” शहादा तालुक्यातल्या एका ताईंनी पावसाळा सरताना मला विचारलेला हा प्रश्न सिकलसेल या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचे समुपदेशन करताना वेगवेगळ्या शब्दांत वारंवार कानी पडतो. त्यांचा सात वर्षांचा थोरला सिकलसेलचा वाहक म्हणजे ‘एएस’ (एक जनुक सिकलचे, एक निरोगी), तर चार वर्षांचा धाकटा ‘एए’ (दोन्ही निरोगी). दोघांनाही फाल्सिपेरम हा सर्वांत घातक प्रकारचा मलेरिया झाला. थोरला गोळ्यांवर बरा झाला. धाकट्याने मात्र दोन दिवस ताप अंगावर काढल्यावर झटके येऊन त्याची शुद्ध हरपली. सासूबाईंनी खापर सुनेच्या माहेरावर फोडले.

मी सांगितले की सिकलचे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आले तर मूल सहसा आजारी नसते; उलट त्याच्या तांबड्या पेशींत फाल्सिपेरमचा जंतू नीट वाढत नाही, आणि आफ्रिकेतल्या मुलांच्या अभ्यासांत अशा वाहकांना गंभीर मलेरियाचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळला आहे. मलेरियाच्या मुलखांत हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते यामुळेच, असे १९५४ साली संशोधक अँथनी अ‍ॅलिसन यांनी दाखवले.

“म्हणजे मच्छरदाणी धाकट्यालाच पुरे,” ताई म्हणाल्या. चूक माझीच होती. संरक्षणाचे कौतुक मी जरा जास्तच केले होते. थोरल्यालाही मलेरिया झालाच होता, याची आठवण मला करून द्यावी लागली. केनियातल्या किलिफी येथील २००५ च्या अभ्यासात मलेरियामुळे दवाखान्यात दाखल व्हावे लागण्याच्या प्रमाणात मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम चौथा हिस्सा आनुवंशिक घटकांचा निघाला, आणि एकूण फरकात सिकलच्या जनुकाचा वाटा अवघा २ टक्के. त्यामुळे ताप आला की दोन्ही पोरांचे रक्त त्याच दिवशी तपासायचे, यात सूट नाही.

मग मी टेबलावर आगपेटीच्या चार काड्या मांडल्या, आईवडिलांच्या प्रत्येकी दोन जनुकांसाठी, आणि सिकलचे जनुक दाखवायला ताईंच्या दोनपैकी एका काडीचे गूल खुडले, कारण त्या स्वतः वाहक होत्या. नवऱ्याच्या दोन काड्यांचे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते; त्याची तपासणीच झाली नव्हती. तोही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता ‘एसएस’ म्हणजे दोन्ही जनुके सिकलची असलेल्या बाळाची, आणि अशा सिकलसेलग्रस्त बाळाला मलेरियापासून संरक्षणाचा भरवसा नाही, उलट तो झाला तर जिवावर बेतू शकतो. ताई त्या दोन काड्यांकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात नवरा आला. बसण्याआधीच बाही वर सारत त्याने विचारले, “कुठल्या हातातून काढता?”