अमेरिकेत पेटंटच्या अपिलात क्लेममधील शब्दाचा अर्थ नव्याने ठरतो का?

होय, पण पूर्णपणे नव्याने नाही. क्लेममधील, म्हणजे पेटंटचा हक्क नेमका कशावर आहे हे सांगणाऱ्या कलमातील, शब्दाचा अर्थ ज्यूरीने नव्हे, न्यायाधीशाने ठरवायचा, हे १९९६ च्या मार्कमन निकालापासून पक्के आहे. त्यामुळे फेडरल सर्किट हे अपील न्यायालय अंतिम अर्थाचा विचार खालच्या न्यायालयाच्या मताला बांधून न घेता स्वतंत्रपणे करते. मात्र २०१५ च्या टेवा विरुद्ध सँडोझ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची मर्यादा घातली. तिथे वाद ‘मॉलिक्युलर वेट’ या शब्दांवर होता, कारण रेणुभार सरासरीच्या एकाहून अधिक पद्धतींनी मोजता येतो आणि क्लेममध्ये कोणती पद्धत अभिप्रेत आहे हे लिहिलेले नव्हते. अशा वेळी तज्ज्ञांच्या साक्षीवरून काढलेला तथ्यविषयक निष्कर्ष उघड चूक दिसल्याशिवाय अपिलात बदलता येत नाही; केवळ पेटंटचा मजकूर आणि त्याच्या अर्जाचा इतिहास वाचून अर्थ लावला असेल, तर मात्र पूर्ण फेरविचार होतो.

अर्थ लावताना शब्दकोशापेक्षा स्पेसिफिकेशनला, म्हणजे पेटंटमधील शोधाच्या सविस्तर वर्णनाला, अधिक वजन असते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. २००५ च्या फिलिप्स प्रकरणात भिंतीच्या पॅनेलमधील ‘बॅफल’ (आत बसवलेल्या अडथळ्याच्या पट्ट्या) भिंतीशी काटकोनात असू शकतात का, हा प्रश्न होता. स्पेसिफिकेशनमध्ये बॅफलचे बंदुकीच्या गोळ्या परतवण्याखेरीज इतरही उपयोग सांगितले होते, म्हणून न्यायालयाने काटकोन वगळणारा संकुचित अर्थ नाकारला. तेव्हा अपील तयार करताना आपला मुद्दा मजकुरावर उभा आहे की साक्षीवर, हे आधी तपासा.