प्रश्न प्रवासाचे: जुलैची सुट्टी, लाखभर रुपये आणि पहिला परदेश

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही पेडणे तालुक्यातले. मिस्टर कळंगुटला एका हॉटेलच्या किचनमध्ये आहेत, मी घरी शिवणकाम करते. लग्नाला अकरा वर्षं झाली पण दोघंच असे कुठे गेलोच नाही. सीझनमध्ये त्यांना एक दिवस सुट्टी मिळत नाही, जुलैत मात्र पंधरा दिवस मिळतात, आणि यंदा सासूबाई स्वतःहून म्हणाल्या की पोरांना मी बघते, तुम्ही जाऊन या. पासपोर्ट दोघांचे काढलेत. बजेट एक लाख, फार तर दहा हजार वर. एजंट फुकेत-क्राबीचं पाच रात्रींचं पॅकेज देतोय, म्हणतो जुलैची ऑफर आहे, निम्मे पैसे आत्ता भरा. मिस्टर म्हणतात समुद्र काय बघायचा, समुद्र म्हणजे मला ड्युटी. मला मात्र एकदा तरी त्यांच्यासोबत निवांत पाण्यात उभं राहायचंय. काय करू?

उत्तर: पहिलं म्हणजे ते निम्मे पैसे अजून भरू नका.

जुलैत फुकेत स्वस्त का असतं ते आधी सांगते. जून-जुलैत जो नैऋत्येचा वारा आपल्याकडे पाऊस घेऊन येतो तोच वारा थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पण आदळतो, आणि फुकेत, क्राबी दोन्ही त्याच बाजूला. म्हणजे मे ते ऑक्टोबर तिकडे पाऊस, खवळलेला समुद्र आणि बीचवर लाल बावटे, अगदी आपल्या कळंगुटसारखे. फुकेतजवळची सिमिलन बेटं तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच ठेवतात. मी स्वतः एकदा जूनमध्ये असंच पॅकेज घेऊन फुकेतला गेले होते, तीन दिवस बोट सुटलीच नाही, बोटीचे पैसे पॅकेजमध्ये धरलेले ते परत मिळाले नाहीत, आणि हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघत बसले जो मला घरी फुकट दिसला असता. म्हणून ही गोष्ट माझ्या मनाला फार लागते. तुमच्या मिस्टरांसारखी माणसं बाकीचं वर्ष दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळतात, त्यांच्या वाट्याला येते ती नेमकी पावसातली सुट्टी आणि ती पण अशी वाया गेली तर फार वाईट. गोव्यातल्या टुरिझमवाल्या घरांनी जागा ठरवताना आधी महिना बघायचा आणि मग किंमत.

आता जुलैत कोरडं कुठे असतं? आपला चोर्ला घाट आठवा. इकडे सत्तरीत धो धो कोसळत असतो आणि घाट चढून बेळगावच्या बाजूला उतरलं की पाऊस कसा विरळ होत जातो, कारण ढग डोंगराच्या अलीकडेच रिकामे होतात. श्रीलंकेत हेच होतं. कोलंबो, गॉल, नुवारा एलिया ही पश्चिम-दक्षिणेची आणि डोंगराची बाजू जुलैत भिजते, पण पूर्व किनारा, म्हणजे त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा, आरुगम बे, हा मे ते सप्टेंबर कोरडा, ऊन असलेला आणि समुद्र शांत. तुमच्यासाठी माझं मत सरळ हेच, श्रीलंकेचा पूर्व किनारा.

बालीचा पण विचार केला मी. जुलैत बाली कोरडं असतं हे खरं, पण तेव्हा ऑस्ट्रेलिया आणि युरोपवाल्यांची गर्दी असते, गोव्याहून विमानाचं तिकीट जड पडतं, वर व्हिसा ऑन अरायव्हलचे 5 लाख रुपिया (हे तिथलं चलन) आणि बालीची 1.5 लाख रुपियाची टुरिस्ट लेव्ही, म्हणजे माणशी साडेतीन हजारांच्या आसपास नुसतं दारातच जातं. व्हिएतनाममध्ये दा नांग, होई आन जुलैत कोरडं, ई-व्हिसा 25 डॉलर, राहणं-खाणं स्वस्त. पण कडक ऊन, प्रवास लांबचा आणि तुमचा पहिलाच परदेश. ते पुढच्या वेळेला ठेवा.

प्लॅन असा करा. गोव्याहून चेन्नई किंवा बेंगळुरू आणि तिथून कोलंबो. मोपाचा विमानतळ तुमच्या दारातच आहे पण दाबोळीचे दर पण बघा, आणि सगळी तिकिटं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये घ्या, म्हणजे पावसाने गोव्याचं विमान लेट झालं आणि पुढचं चुकलं तर सोय करणं एअरलाईनवर येतं, वेगवेगळी घेतली तर तो खर्च आपल्या खिशातून. कोलंबोचा एअरपोर्ट शहरात नाहीये, नेगोंबोच्या जवळ आहे, म्हणून पहिली रात्र नेगोंबोलाच काढा. मासेमारीचं गाव, चर्चेस, लगून, सकाळचा मासळी बाजार, तुम्हाला परकं वाटणारच नाही. श्रीलंकेत ज्यांना फार मानतात ते संत जुझे वाझ आपल्या बाणावलीत जन्मलेले, 1687 मध्ये डच राजवटीत लपूनछपून तिकडे गेले आणि 1711 मध्ये कँडीत वारले. नेगोंबोच्या लोकांना गोव्याहून आलोय म्हणून सांगून बघा.

दुसऱ्या दिवशी दांबुल्ला-सिगिरियाकडे, दोन रात्री. सिगिरिया म्हणजे सपाट रानातून एकदम उभा राहिलेला प्रचंड कातळ, पाचव्या शतकात कश्यप राजाने त्याच्यावर राजवाडा बांधला. 1200 च्या आसपास पायऱ्या आहेत, सकाळी गेट उघडताच चढा, नऊनंतर ऊन भाजतं. तिकीट डॉलरमध्ये आणि महाग, पण सार्क देशांच्या, म्हणजे आपण धरून दक्षिण आशियातल्या लोकांना सवलत असते म्हणून काउंटरवर पासपोर्ट दाखवा, आपण मागितली नाही तर पूर्ण पैसे जातात. जवळच मिन्नेरिया, तिथला जुना तलाव उन्हाळ्यात आटत गेला की काठावर कोवळं गवत येतं आणि ते खायला हत्तींचे कळप जमतात, जुलैपासून दिसायला लागतात. जीपचे पैसे जातील पण हे चुकवू नका.

मग तीन रात्री त्रिंकोमाली. राहायला उप्पुवेली किंवा निलावेली. मिस्टरांना सांगा की इथे पाणी इतकं उथळ आणि शांत असतं की सकाळी तळ्यासारखं वाटतं, आणि इथे ऑर्डर दुसरा कोणीतरी घेईल, तुम्ही नुसतं बसा. निलावेलीहून छोट्या बोटीने पिजन आयलंडला जाता येतं, पोवळी आणि रंगीत मासे बघायला, पोहता येत नसेल तर लाईफ जॅकेट मागून घ्या, लाजू नका. संध्याकाळी कोणेश्वराच्या देवळात जा. समुद्रात घुसलेल्या कड्यावर शंकराचं देऊळ आहे. सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी मूळ देऊळ पाडलं, त्याचे दगड किल्ल्याला वापरले, आणि आज देवळाकडे जाताना त्याच किल्ल्यातून जावं लागतं. आपण मंगेशी, शांतादुर्गेची माणसं, आपले देव त्याच राजवटीत नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे गेले. तिथे उभी राहिले तेव्हा मला कोणी इतिहास सांगायची गरज पडली नाही, डोळे भरून आले.

जेवणाची काळजी अजिबात करू नका. नारळ, मासे, लाल तांदळाचा भात, आपल्या उकड्याची आठवण येईल असा. आंबुल थियल म्हणून सुक्या माशाचं आंबट कालवण असतं, म्हणजे मासे सुके नव्हे, कालवण सुकं, त्याला गोरका घालतात ते आपल्या सोलांच्याच कुळातलं. मिस्टर किचनमधले म्हणून मुद्दाम लिहिलं, ते नक्की विचारत बसतील. आणि पावाला सिंहलीत पान म्हणतात, आपला पाव आणि त्यांचं पान दोन्ही पोर्तुगीजांकडूनच आलेलं. परतीची रात्र पुन्हा नेगोंबोला. एवढं बघा की पौर्णिमेला तिथे पोया असतो, सरकारी सुट्टी, त्या दिवशी दारूविक्री बंद.

पैशाचं. निम्मं बजेट विमानासाठी धरा आणि तिकीट मे संपायच्या आत काढा. उरलेल्यात सात रात्री बसतात पण मग हॉटेल नको, घरगुती गेस्ट हाऊस घ्या, नाश्त्यासकट. पूर्ण आठवडा गाडी-ड्रायव्हर ठेवला तर बजेट मोडतं, त्यामुळे फक्त सामान घेऊन जायचे लांबचे दिवस गाडी आणि बाकी बस, टुकटुक. आपल्या एका रुपयाला त्यांचे तीन-साडेतीन रुपये येतात, म्हणून किंमत ऐकून घाबरू नका, आधी भागा. बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, 2024 पासून सुरू झालंय, तरी थोडी कॅश ठेवा. ईटीए, म्हणजे श्रीलंकेत जायचा ऑनलाईन परवाना, निघायच्या आधी काढायचा, पण तिथल्या सरकारी साईटवरूनच, फी आणि नियम बदलत असतात आणि हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खाजगी साईट्स जास्त पैसे उकळतात. एजंटकडून परदेशाचं पॅकेज घेतलं की वर टीसीएस लागतो, म्हणजे एजंट सरकारसाठी आधीच कापून घेतो तो कर, तो रिटर्न भरताना परत मागता येतो पण तोपर्यंत हातातले पैसे अडकतात, तिकीट आणि खोली स्वतः वेगवेगळी बुक केली तर तो प्रश्नच येत नाही.

आणि शिवणाच्या ऑर्डरी. चवथीची गर्दी सुरू व्हायच्या आत परत याल असं बघा, म्हणजे जुलैचा पहिला पंधरवडा धरा.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दोघंही साठीच्या पुढचे, डिचोलीला असतो. पासपोर्ट नाही. नेपाळला पासपोर्ट लागत नाही म्हणतात. मुक्तिनाथ करायचंय. ऑगस्टमध्ये गेलो तर स्वस्त पडेल का?

उत्तर: पासपोर्ट नसला तरी चालतं, पण विमानाने जाताना मतदार ओळखपत्र लागतं, मूळ कार्ड, झेरॉक्स नाही. वय 65 च्या आत असेल तर आधार दाखवून भागेल असं समजू नका, चेक-इनलाच अडवतील. आपल्या 100 रुपयांचे तिथले 160 होतात, हा दर ठरलेलाच आहे.

ऑगस्टमध्ये मात्र नको. पावसात त्या रस्त्यांवर दरडी कोसळतात, शिखरं ढगात असतात, पोखऱ्याला जाऊन माछापुच्छ्रे दिसलंच नाही तर काय उपयोग. दिवाळीनंतर लगेच जा किंवा मार्च-एप्रिलमध्ये. पोखरा 800 मीटरच्या आसपास आणि मुक्तिनाथ जवळपास 3700 मीटर, एका दिवसात एवढं चढू नका, वाटेत जोमसोमला एक रात्र थांबा. बीपी, शुगर, हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरांना उंची सांगून विचारा. पोखरा-जोमसोम विमानं सकाळीच उडतात कारण नंतर वारा सुटतो, आणि बऱ्याचदा रद्द होतात, म्हणून पदरी एक जादा दिवस ठेवा. मुक्तिनाथच्या देवळातल्या 108 धारांखाली अंघोळ करायची हौस सगळ्यांना असते, पाणी बर्फासारखं असतं, या वयात डोक्यावर ओंजळभर घेतलं तरी पोचतं देवाला.

प्रश्न: डिसेंबरात माझं लग्न आहे, फोंड्याला. लगेच दोघं बालीला जायचं म्हणतोय. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, बदलून घेऊ का?

उत्तर: गडबडीत बदलू नका, लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. तिकीट, व्हिसा, हॉटेल सगळं पासपोर्टवर आहे त्याच नावाने, स्पेलिंगसकट. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेपुढे सहा महिने तरी हवी, ती आजच उघडून बघा. आणि बाली डिसेंबरात नको, तिकडे तेव्हाच पाऊस असतो. तुम्हाला मी फुकेत-क्राबीच सुचवेन, डिसेंबरात तो समुद्र निळाशार असतो, फक्त नाताळ ते नवीन वर्ष दर फार वाढतात म्हणून 20 तारखेच्या आत परत या, नाहीतर जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जा.