मराठीत पाठवू की इंग्रजीत?

पुणे

प्रिय मैत्रिणीस,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या बहुभाषिक लेखनस्पर्धेचं परिपत्रक आणि तुझ्या कथेचा पहिला इंग्रजी खर्डा, दोन्ही मिळाले. नियमांबद्दल तू बरंच विचारलं आहेस, पण खरा प्रश्न तुझ्या पत्राच्या तळाशी आहे: मराठीत पाठवू की इंग्रजीत?

हा प्रश्न बक्षिसाच्या अंगाने सोडवू नकोस. मोठ्या भाषांच्या विभागात गर्दी असते, म्हणून संस्कृतमध्ये, उर्दूत किंवा जर्मनमध्ये पाठवावं, तिथे बक्षीस सहज हाती लागतं, असा हिशेब मांडणारे तुला भेटतील. पण त्या विभागांचे परीक्षक त्याच भाषेतले लेखक किंवा प्राध्यापक असतात आणि त्यांना घाई नसते. शिवाय 'योग्य दर्जाची प्रवेशिका न आल्यास पारितोषिक दिले जाणार नाही' हे वाक्य बऱ्याच नियमावल्यांत असतं. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ष-दोन वर्षं शिकलेली परकी भाषा पत्राला पुरते, कथेला पुरत नाही.

तुझ्या कथेतली मामी स्वारगेटच्या फलाटावर कंडक्टरशी हुज्जत घालते. इंग्रजी खर्ड्यात ती एखाद्या बँक मॅनेजरसारखी बोलते, कारण तिचं बोलणं तू मराठीत ऐकलंस आणि सभ्य इंग्रजीत उतरवलंस. आता एक कर. तेवढाच प्रसंग, अर्धं पान, इंग्रजी मजकूर न बघता मराठीत लिही. दोन दिवसांनी दोन्ही पानं शेजारी ठेव. ज्या पानात नवे तपशील आपसूक आलेले असतील (मामीच्या पिशवीत काय आहे, ती कोणत्या शब्दावर आवाज चढवते), ती तुझ्या कथेची भाषा. दोन्ही पानं एकसारखी निघाली तर कथा अजून तुझ्या डोक्यात तयारच नाही, असं समज.

तू मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणाऱ्या कवी अरुण कोलटकरांचं नाव घेशील. जरूर घे. त्यांच्या इंग्रजी 'जेजुरी'ला १९७७ सालचं कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ मिळालं आणि मराठी 'भिजकी वही'ला २००५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार. पण ही दोन स्वतंत्र पुस्तकं आहेत. एकाच मजकुराला दोन भाषांचे सदरे चढवलेले नाहीत. तू मात्र तीच कथा दोन्ही विभागांत पाठवायचं म्हणते आहेस. तसं करू नकोस. 'एक स्पर्धक, एक प्रवेशिका' या नियमात ती अडकेलच, आणि अडकली नाही तरी दोन्हीकडे कच्ची पडेल.

पुण्यातल्या कथेत पात्रं तीन भाषांत बोलणारच. रिक्षावाल्याशी हिंदी, आईशी मराठी, ऑफिसात इंग्रजी. निवेदनाची भाषा एक ठेव आणि संवाद जसे होतात तसे होऊ दे. हिंदी-इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिही आणि त्यांचे अर्थ कंसात देऊ नकोस. पुढच्या वाक्यात कुणी काय उत्तर दिलं, यावरून वाचकाला कळतं. मामी बोलीत बोलते म्हणून वेगळा विभाग शोधू नकोस. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी लेखन सहसा मराठी विभागातच जातं. लिपीचा प्रश्न मात्र आधी विचारून घ्यावा. पिंपरीच्या तुझ्या मैत्रिणीला सिंधीत पाठवायचं असेल, तर सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली जाते आणि देवनागरीतही. परीक्षक कोणती वाचणार, हे संयोजकांकडून लेखी घ्यायला सांग. उर्दू विभागात देवनागरीतली उर्दू चालेल, असं गृहीत धरू नये.

शब्दमर्यादा तीन हजार आहे. इंग्रजीच्या सवयीने ही मर्यादा तुला तोकडी वाटते, पण मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'घरासमोरच्या झाडाखाली' हे मराठीत दोन शब्द झाले. इंग्रजीत तेवढ्याला आठ लागतात. म्हणजे तीन हजार मराठी शब्दांत इंग्रजीपेक्षा बराच ऐवज मावतो, आणि मराठी मजकूर पसरट होण्याचा धोकाही तिथेच आहे. मर्यादेला भिडायची गरज नाही. २६०० शब्दांची घट्ट कथा पाठव.

आता खर्ड्याबद्दल. पहिले सहाशे शब्द मामीच्या बालपणात गेलेत आणि स्वारगेट तिसऱ्या पानावर येतं. परीक्षकाच्या टेबलावर गठ्ठा असतो. पहिल्या वाचनात तो 'ठेवायचं' आणि 'बाजूला' एवढंच करतो, आणि हा निर्णय बहुधा दुसऱ्या पानाच्या आत होतो. कथा फलाटावरच सुरू कर. बालपणातल्या दोनच गोष्टी पुढे लागतात. त्या संवादात येऊ देत. तीन हजार शब्दांत दोन, फार तर तीन पात्रं पेलतात. तुझ्याकडे सात आहेत, त्यातल्या चौघांना नुसती नावं आहेत. शेवटच्या परिच्छेदात मामी असं का वागली, याचा खुलासा तू केला आहेस. तो परिच्छेद झाकून एखाद्या वाचकाला कथा दे. त्याने खुलासा आपणहून सांगितला, तर परिच्छेद काढून टाक. नाही सांगता आला, तर दुरुस्ती कथेच्या मध्यावर हवी.

कवितेबद्दल थोडक्यात. पाच कविता मागितल्या असतील तर सर्वांत जमलेली पहिली लाव आणि दुसऱ्या क्रमांकाची शेवटी. निसर्ग, प्रेम, सामाजिक असे नमुने मांडू नकोस. एकाच डोळ्याने पाहिलेल्या पाच कविता लक्षात राहतात. वृत्तात लिहिणार असशील तर परीक्षक मोजणार, हे धरून चाल: भुजंगप्रयातात चरणाला बारा अक्षरं, चार यगण, मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार. गझल बहुतेक वेळा अलामतीत, म्हणजे काफियाआधीच्या (यमकाआधीच्या) न बदलणाऱ्या स्वरात, घसरते. हा स्वर मतल्यात, म्हणजे पहिल्या शेरात, एक आणि चौथ्या शेरात दुसरा, की संपलं. जमत नसेल तर मुक्तछंद लिही, त्यात कमीपणा नाही.

शुद्धलेखनाला तू 'नंतर बघू' म्हणतेस. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली चौदा होते, १९७२ साली चार वाढले, म्हणजे एकूण अठरा. एका बैठकीत वाचून होतात. नेहमीच्या चुका मोजक्याच: एकट्याने आलेला 'कवी' दीर्घ, पण 'कविसंमेलन' ऱ्हस्व, 'फूल' दीर्घ, पण 'फुलाला' ऱ्हस्व, 'गुण' आणि 'विष' तत्सम म्हणून मुळातच ऱ्हस्व. त्याहून महत्त्वाचं म्हणजे निवेदनाचं वळण. 'सांगितले' लिहायचं की 'सांगितलं', हे पहिल्या वाक्याआधी ठरव. तुझ्या पत्रात एकाच परिच्छेदात दोन्ही आहेत आणि त्यामुळे दोन वेगळी माणसं आळीपाळीने बोलत असल्यासारखं वाटतं.

टंकलेखन युनिकोडमध्ये स्वतः कर. अप्पा बळवंत चौकात टाइप करून मिळतं, पण मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बसवून मग युनिकोडमध्ये आणला, तर पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडतात, जोडाक्षरं फुटतात. ते शोधत बसण्यापेक्षा नव्याने टाइप करणं लवकर होतं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला अर्धा र नीट आला का, 'ॲ' वेगळा तुटून पडला नाही ना, हे पाहा. बऱ्याच फॉन्टमध्ये श आणि ल हिंदी वळणाचे येतात. राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रात ते मराठी वळणाचे आहेत. पीडीएफ करताना फॉन्ट आतच बसव, आणि ती फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडून शेवटच्या पानापर्यंत वाच. आपल्या संगणकावर सगळंच छान दिसतं.

परीक्षकांकडे प्रवेशिका निनावी जातात. नाव, कॉलेज आणि पीआरएन (विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक) फक्त अर्जावर. पण फाइलच्या माहितीत लेखक म्हणून तुझं नाव बसलेलं असतं. वर्डमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट'मधून ते काढ, मगच पीडीएफ कर. फाइलच्या नावातही आडनाव नको. आभार, अर्पणपत्रिका, 'माझ्या आजीस' वगैरे पुस्तकासाठी राखून ठेव.

'अप्रकाशित' या अटीत कॉलेजचं वार्षिक, भित्तिपत्रक आणि इन्स्टाग्रामही धरलं जाऊ शकतं. तू मामीचा उतारा स्टोरीत टाकला होतास. संयोजकांना आधीच लेखी विचार. निकालानंतर तक्रार आली तर बक्षीस परत जातं. एआयच्या वापराबद्दल प्रतिज्ञापत्र असेल, तर सही करण्यापूर्वी पूर्ण वाच.

हक्कांचं कलम तू वाचलंच नसशील, कुणीच वाचत नाही. पुरस्कारप्राप्त लेखन एकदा छापण्याची परवानगी संयोजकांनी मागणं रास्त आहे. 'सर्व हक्क विद्यापीठाकडे' असं लिहिलं असेल तर थांब. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच सोपवता येतात. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. स्पर्धेच्या अर्जावरची सही हीसुद्धा सहीच.

अंतिम तारखेपासून मागे मोजत ये. सहा आठवडे असतील तर पहिले तीन लेखनाला, एक आठवडा कथा बंद फाइलमध्ये, पाचवा मोठ्याने वाचून काटछाटीला, सहावा टंकलेखन-तपासणीला. वाचायला एकच माणूस निवड, आणि तो रोज मराठी बोलणारा हवा. बोनाफाईडचा अर्ज मात्र आजच टाक. त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो, आणि प्राचार्य नेमके त्या आठवड्यात बाहेरगावी असतात. शेवटच्या संध्याकाळी पोर्टल अडकलं तर 'मी वेळेत बसले होते' याला पुरावा नसतो, म्हणून दोन दिवस आधी भर. प्रवेशिका क्रमांक आला की त्या पानाचा फोटो काढून ठेव. पुढे काहीही विचारायला गेलीस तर खिडकीवर आधी तोच मागतात.

नवा खर्डा फलाटावरून सुरू झाला की पाठव.

कळावे, लोभ असावा.