मत्स्यपेटी: तुमचे प्रश्न – लाईट गेल्यावर काय होतं ते आधी बघा

मागच्या अंकात खाऱ्या पाण्याच्या टँकबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यामुळे नवीन टँक उभा करणाऱ्यांचे प्रश्न तेवढे यावेळी घेतोय.

दादा, ६ वर्षं गोड्या पाण्याचा टँक सांभाळलाय, आता २०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोरलचा (प्रवाळाचा) टँक करतोय (९० x ४५ x ५० सेंमी). भारीतली एलईडी लाईट आधी घ्यायची आणि बाकी सामान हळूहळू, असं ठरवलंय. बरोबर ना?

उलटं आहे तुमचं. लाईट सगळ्यात शेवटी घ्या. सगळे इथेच फसतात, कारण दुकानात निळ्या उजेडात कोरल चमकताना दिसतं आणि डोकं फिरतं, माझंही फिरलं होतं. पण पहिले ४ ते ६ आठवडे टँकमध्ये कोरल नसणारच आहे, नुसते दगड आणि पाणी, आणि त्या दगडांवर बॅक्टेरिया वाढायला उजेड लागत नाही. घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट हे काम ते अंधारातही करतात. त्या काळात लाईट लावून ठेवली तर शेवाळ वाढेल, दुसरं काही नाही.

आधी पाण्याची सोय, मग स्टँड, मग पंप आणि वेव्हमेकर (टँकच्या आत पाणी ढवळणारा पंखा), तापमानाचं सामान, स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर वरच्या कपात काढणारं यंत्र), आणि मग लाईट. स्टँडबद्दल एवढंच की २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलोच्या वर वजन, त्यात काच, दगड, वाळू, खालचा संप (टँकखालची दुसरी टाकी, टँकचं पाणी तिच्यात उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर नेतो) धरा, तेव्हा लेव्हल बघूनच टँक ठेवा, भरल्यावर एक कोपरा वर करून खाली पुठ्ठा सरकवू असं होत नाही. आणि दगड आधी, वाळू नंतर. दगड काचेच्या तळावर टेकलेला पाहिजे, वाळूवर ठेवलात तर एखादा खोदणारा मासा खालून वाळू उपसतो आणि सगळा डोलारा काचेवर येतो.

घरी प्यायला आरओ आहे, तेच पाणी वापरलं तर?

टीडीएस मीटर बुडवून बघा, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, छोटंसं पेनासारखं असतं. पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी बऱ्याचदा थोडं कच्चं पाणी परत मिसळलेलं असतं नाहीतर मिनरलचं कार्ट्रिज लावलेलं असतं, त्यामुळे आकडा शून्य येत नाही. आपल्याला शून्यच हवाय. आरओच्या पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं कार्ट्रिज लागतं, आणि ते मिनरलवालं कार्ट्रिज असेल तर पाणी त्याच्या आधीच घ्यायचं, नाहीतर बिचारं रेझिन दोन दिवसात संपेल. मीटर ० वरून १-२ दाखवायला लागलं की रेझिन बदला.

मीठ मिसळताना पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी नाही ओतायचं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, ड्रममध्ये एक पंप सोडून फिरवत ठेवा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबा आणि मगच मोजा. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) म्हणजे २५ अंशाला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र नुसत्या डिस्टिल्ड पाण्यावर शून्याला लावून गप्प बसू नका, शून्याला बरोबर दाखवणारा ३५ ला चुकू शकतो, ३५ चं तयार द्रावण मिळतं त्याच्यावर लावा. मी जवळजवळ वर्षभर चुकीच्या आकड्यावर टँक चालवला आणि कोरल का उघडत नाही म्हणून लाईटला शिव्या देत बसलो होतो!

संप किती मोठा घेऊ आणि रिटर्न पंप किती ताकदीचा? पाणी बाहेर सांडण्याची भीती वाटते.

भीती वाटतेय हे चांगलं आहे, मला वाटली नव्हती. माझा पहिला टँक लावला त्याच आठवड्यात रात्री लाईट गेली, सकाळी पाय खाली टाकला तर मोजा ओला. पंप बंद पडला होता आणि रिटर्नच्या पाइपातून टँकचं पाणी उलटं खाली संपमध्ये गेलं होतं, संप भरला आणि उरलेलं जमिनीवर. फर्निचरचे पाय अजून फुगलेले आहेत.

याचा हिशोब अगदी सोपा आहे. तुमच्या टँकमध्ये १ सेंमी उंचीचं पाणी म्हणजे ९० x ४५, साधारण ४ लिटर. रिटर्नचं तोंड पाण्याखाली ५ सेंमी असेल तर पंप थांबल्यावर त्या तोंडात हवा शिरेपर्यंत २० लिटर पाणी खाली येणार, शिवाय ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी खाली संपमध्ये उतरतं त्याच्या) कडेवरचं आणि पाइपातलं वेगळं. तेवढी जागा संपमध्ये कायम रिकामी पाहिजे. म्हणून तोंड पाण्याच्या पातळीखाली १-२ सेंमीवरच ठेवा. पाइपाला पाण्याच्या रेषेशी छोटं भोक पाडतात, हवा शिरून सायफन (पाण्याची खाली जाणारी ओढ) तुटावा म्हणून, ते चांगलंच आहे पण त्याच्या भरवशावर राहू नका, त्यात एक गोगलगाय बसली की संपला विषय. नॉन रिटर्न व्हॉल्व्हचंही तेच, मिठाचे खडे किंवा शेवाळाचा तुकडा अडकला की तो नीट मिटत नाही.

त्यामुळे मासा सोडा, मीठही टाकायच्या आधी साध्या पाण्यावर सगळं चालवा आणि मेन बटण बंद करून संपच्या समोर बसा. पाणी वर चढत जाईल, एका ठिकाणी थांबेल. मग पंप परत सुरू करा, पाणी खाली उतरून स्थिर झालं की तिथे मार्करने रेघ मारा, चालू असताना संपमधलं पाणी या रेघेच्या वर कधीच न्यायचं नाही. आणि बंद केल्यावर पाणी काठाला लागत असेल तर रेघ आणखी खाली घ्या. असं तीन-चार वेळा करा, कंटाळा आला तरी. रात्री झोप लागते त्याने.

पंपाचं म्हणाल तर संपमधून तासाला टँकच्या ५ ते १० पट पाणी फिरलं तरी पुरे, म्हणजे तुम्हाला १००० ते २००० लिटर. खोक्यावरचा आकडा पाणी चढवायची उंची शून्य धरून असतो, तुमच्या उंचीला तो बराच कमी पडतो. कोरलला जो जोर लागतो तो वेव्हमेकरने द्या, साधारण २० ते ४० पट, आणि दोन समोरासमोर लावले तर एकाच कोरलवर सारखा मारा होत नाही.

हीटर एक मोठा घेऊ का दोन छोटे?

दोन छोटे. हीटर बिघडतो तेव्हा बऱ्याचदा चालूच राहून बिघडतो, आणि एक मोठा चालू राहिला तर टँकचं सूप. छोटा अडकला तर तुम्हाला वेळ मिळतो. वर तापमान बघून हीटर चालू-बंद करणारा वेगळा कंट्रोलर लावा, २५-२६ अंशांवर. गरमीत उलटा त्रास, पंप आणि लाईट दोन्ही पाणी तापवतात, आणि तिथे चिलरकडे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राकडे) धावायच्या आधी पाण्यावर एक पंखा लावून बघा, हवा कोरडी असेल तर दोन-तीन अंश सहज उतरतात, दमट असेल तर फार नाही.

पण पंख्याने पाणी वाफ होऊन उडतं, आणि उडतं ते पाणीच, मीठ मागेच राहतं, म्हणून भर घालायची ती आरओ-डीआयच्या गोड्या पाण्याची. याला एटीओ लावा, म्हणजे पातळी उतरली की आपोआप भर. त्याची टाकी मात्र लहान ठेवा. सेन्सर अडकून १० लिटर एकदम २०० मध्ये गेले तर ३५ चं ३३ च्या थोडं वर येतं, ते निभावतं, ५० लिटर गेले तर कोरल वाचणं कठीण. आणि हो, ते १० लिटरही त्या संपच्या रिकाम्या जागेत मावायला हवेत!

नवीन स्किमर लावून ३ दिवस झाले, कपात काहीच नाही. खराब आला का?

नाही हो. नवीन प्लास्टिकवरचा तेलकटपणा जायला थोडे दिवस जातात, आणि तुमच्या टँकमध्ये काढण्यासारखी घाणच नाहीये अजून. फक्त स्किमर ज्या कप्प्यात आहे तिथली पातळी वर-खाली होऊ देऊ नका.

लाईट गेली तर आधी काय वाचवायचं?

ऑक्सिजन. तापमान हळूहळू बदलतं, उजेड दिवसभर नसला तरी कोरलला फरक पडत नाही, पण पाणी थांबलं आणि टँक माशांनी भरलेला असेल तर मासे काही तासांत वर येऊन हवेसाठी तोंड उघडमिट करायला लागतात. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात ठेवा, नाहीतर बॅटरी बॅकअप असलेला डीसी वेव्हमेकर, पाण्याचा पृष्ठभाग हलता राहिला की झालं. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त वेव्हमेकर जोडा, हीटर जोडलात तर तो बॅटरी पिऊन टाकेल आणि मग दोन्ही गेलं. सगळ्या वायरी प्लगकडे जाण्याआधी खाली लोंबत्या ठेवा, म्हणजे पाण्याचा थेंब लोंबलेल्या भागावरून गळेल, बोर्डात जाणार नाही, आणि बोर्डाला आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारं बटण) हवाच. वीज परत आली की पहिली पाच मिनिटं तिथेच थांबा, संपची पातळी वर असते आणि स्किमर बऱ्याचदा त्याच वेळी उतू जातो.